जवानांसाठी रंगलेल्या मैफली

अंधेरी परिसरातील जुन्या मतदारांना सुनील दत्त आठवतात ते खासदार म्हणून. १९८४ साली ते वायव्य मुंबई मतदारसंघातून प्रथम लोकसभेवर गेले. पुढे याच मतदारसंघाने त्यांना एकूण पाच वेळा निवडून दिले. २५ मे २००५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते केंद्रात युवक कल्याण व क्रीडा खात्याचे मंत्री होते. चित्रपटरसिकांच्या स्मरणात आहे तो १९५७च्या ‘मदर इंडिया’तील बिरजू. या दोन ओळखींच्या मध्ये त्यांची एक तिसरी ओळख आहे. पत्नी नर्गिस यांच्यासह त्यांनी ‘अजंठा आर्ट्स’ या आपल्या संस्थेचे कलापथक उभे केले आणि मुंबईतील नट, गायक व वादकांना सोबत घेऊन ते सीमेवरच्या जवानांपर्यंत पोहोचले.

आज एखादा लोकप्रिय कलाकार लष्करी तळावर गेला, की त्याची छायाचित्रे काही तासांत घरोघरी पोहोचतात. मात्र ही प्रथा आली कुठून, असे दौरे प्रत्यक्षात कसे होतात आणि त्यांतून जवानाच्या पदरात नेमके काय पडते, याचा विचार क्वचितच होतो. चित्रपटसृष्टीचा मोठा भाग ज्या अंधेरी-वर्सोवा परिसरात राहतो, तेथे तरी हा विषय दूरचा मानण्याचे कारण नाही.

महायुद्धाने दिलेला धडा

घरापासून दूर असलेल्या सैनिकाला शस्त्र आणि शिधा यांखेरीज आणखी कशाची तरी गरज असते, हे सैन्यांना पूर्वापार ठाऊक होते. तथापि त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये १९३९ साली बेसिल डीन आणि लेस्ली हेन्सन या रंगकर्मींनी ‘एन्सा’ ही संस्था स्थापन केली. नट, गायक, नर्तक यांची पथके तयार करून जगभरच्या आघाड्यांवर पाठविणे हे तिचे काम. कार्यक्रमांचा दर्जा सर्वत्र सारखा नसे. सैनिकांनी या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘रोज रात्री काहीतरी भयंकर’ असा विनोदी अर्थ लावला होता. तरीही कार्यक्रमांना गर्दी होत असे.

भारत आणि आग्नेय आशियातील ‘एन्सा’च्या कामाची सूत्रे जॅक हॉकिन्स या ब्रिटिश नटाकडे होती. १९४४ साली गायिका व्हेरा लिन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली, तेव्हा ती अवघी २७ वर्षांची होती. युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली होती. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतून आलेले होते आणि इंग्रजी गाण्यांत त्यांना रस असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे भारतीय सैनिकांसाठी ‘फौजी दिलखुश सभा’ या नावाने वेगळी व्यवस्था करण्यात आली. सैनिकाचे मन रमवायचे तर ते त्याच्या भाषेत आणि त्याच्या चालीरीतींना धरून रमवावे लागते, हे सरकारला तेव्हा मान्य करावे लागले.

अमेरिकेत ४ फेब्रुवारी १९४१ रोजी ‘यूएसओ’ ही संघटना स्थापन झाली. १९४१ ते १९४७ या काळात तिने चार लाखांहून अधिक कार्यक्रम केले. विनोदी नट बॉब होप यांनी मे १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका हवाई तळावर पहिला कार्यक्रम केला आणि पुढील पन्नास वर्षे ते सैनिकांसाठी दौरे करीत राहिले. फेब्रुवारी १९५४ मध्ये मेरिलिन मन्रो हिने कोरियात चार दिवसांत दहा कार्यक्रम केले. ते पाहणाऱ्या सैनिकांची संख्या एक लाखाच्या आसपास होती. वलयांकित नावांच्या पलीकडे पाहिले, तर ‘यूएसओ’चे खरे बळ तिच्या सातत्यात दिसते. युद्ध संपले तरी संघटना राहिली आणि परदेशांतील अमेरिकी तळांवर शांततेच्या काळातही तिचे काम चालू राहिले.

हिमालय आणि सह्याद्री

स्वतंत्र भारतात या प्रथेला चालना मिळाली ती १९६२च्या चीन युद्धाने. २० ऑक्टोबर रोजी सुरू झालेला संघर्ष २१ नोव्हेंबरला थांबला. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी रुजले. पराभवाने सारा देश हादरला होता. उणे तापमानात, अपुऱ्या कपड्यांनिशी लढलेल्या जवानांच्या कहाण्या घरोघरी पोहोचत होत्या.

अशा वातावरणात कलावंतांना स्वस्थ बसवणे शक्य नव्हते. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकर यांनी कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांना वंदन करणारे गीत गायिले. त्याला संगीत होते नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचे. हे गीत अजरामर झाले. मात्र ते होते जवानांविषयी, आणि त्याचे श्रोते होते राजधानीतील मान्यवर व नागरिक. जवानांविषयी गाणे आणि जवानांसाठी गाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे काम राजधानीच्या मैदानावर होण्यासारखे नव्हते. त्यासाठी सीमेवरच जावे लागणार होते.

सुनील दत्त आणि नर्गिस यांनी ते अंगावर घेतले. त्यांच्या कलापथकात आघाडीचे अभिनेते, अभिनेत्री आणि पार्श्वगायक सहभागी होत. मुंबईतील चित्रीकरणाच्या तारखा सांभाळून लष्कराच्या विमानाने किंवा मालमोटारीने दुर्गम तळ गाठायचे आणि मिळेल त्या जागी कार्यक्रम करायचा, असा परिपाठ होता. त्या काळात अंधेरी म्हणजे स्टुडिओंचे गाव होते. अंधेरीच्याच मोहन स्टुडिओत ‘मुघल-ए-आझम’चा प्रसिद्ध शीशमहाल उभा राहिला होता आणि आंबोलीत फिल्मालय होते. अशा झगमगाटाची सवय असलेले कलावंत सीमेवर उघड्या माळावर उभे राहत.

या दौऱ्यांनी कलावंतांनाही काही दिले. किशोरकुमार यांना प्रेक्षकांसमोर उभे राहून गाण्याची भीती वाटे. जवानांसमोरच्या एका कार्यक्रमात सुनील दत्त यांनी त्यांना अक्षरशः पुढे ढकलले आणि तेथून त्यांची भीड चेपली, असे सांगितले जाते. पुढे रंगमंचावर धुमाकूळ घालणारा हा गायक फौजी श्रोत्यांसमोर घडला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या काळातील एक नाव मुंबईच्या चित्रपटसृष्टीबाहेरचे आहे, आणि मराठी वाचकाने ते विसरू नये. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनीही चीन युद्धाच्या काळात नेफा आघाडीकडे जाऊन जवानांसाठी आपली कला सादर केली. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. जत्रेतल्या कनातीत, गॅसबत्तीच्या उजेडात रंगणारी लावणी पूर्वेकडच्या डोंगरांत पोहोचली. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंट यांत सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरची मुले पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहेत. घरापासून दोन हजार किलोमीटरवर ढोलकीची थाप कानी पडणे हा अशा मुलांसाठी केवळ करमणुकीचा भाग नसतो. गावाची जत्राच त्या थापेबरोबर तेथे अवतरते.

ढाक्यातील कार्यक्रम

परक्या भूमीवरील भारतीय सैन्यासमोर कार्यक्रम करण्याचा मोठा प्रसंग आला तो बांगलादेश युद्धानंतर. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजांनी शरणागती पत्करली. मार्च १९७२ मध्ये भारतीय तुकड्या मायदेशी परतल्या. मधल्या काळात हजारो जवान तेथे होते. युद्ध संपलेले, पण घरी जाण्याचा हुकूम अद्याप आलेला नाही, अशी ती अवस्था. सैनिकाच्या मनाला सर्वाधिक जड जाणारा काळ अनेकदा हाच असतो.

मुक्तीनंतर ढाक्यात कार्यक्रम करणारे पहिले कलापथक अजंठा आर्ट्सचे होते. लता मंगेशकर या दौऱ्यात सहभागी होत्या. युद्ध संपल्यावर सुनील दत्त यांच्या पथकासोबत बांगलादेशात जाऊन अनेक कार्यक्रम केल्याची आणि सर्वत्र लष्करी विमानानेच प्रवास केल्याची आठवण त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितली होती. ज्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी निर्माते महिनोन्‌महिने थांबत, त्या गायिकेला प्रत्यक्ष ऐकण्याची संधी एरवी किती जवानांना मिळाली असती?

उंचीचे गणित

अशा दौऱ्याची आखणी शहरातील कार्यक्रमाहून सर्वस्वी वेगळी असते. पहिली अडचण हवेची. मुंबई समुद्रसपाटीला. लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने काही तासांत तेथे उतरलेल्या माणसाच्या शरीराला विरळ हवेची सवय नसते. डोके दुखणे, मळमळ, धाप लागणे हे नेहमीचे. दुर्लक्ष केल्यास फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून जिवावर बेतू शकते. म्हणून भारतीय लष्कराने टप्पे ठरवून दिले आहेत. ९ ते १२ हजार फुटांसाठी सहा दिवस, १२ ते १५ हजार फुटांसाठी आणखी चार, आणि त्याहून वर जायचे तर पुन्हा चार दिवस शरीराला सवय करावी लागते.

यातून एक कठोर सत्य निघते. १५ हजार फुटांच्या वरच्या चौकीवर जायचे, तर सवयीलाच चौदा दिवस हवेत. दोन-तीन दिवसांच्या तारखा देणारा कलावंत तेथे पोहोचूच शकत नाही. सियाचीनमध्ये एप्रिल १९८४ पासून भारतीय सैन्य तैनात आहे आणि काही चौक्या २० हजार फुटांच्याही वर आहेत. छायाचित्रांत दिसणारे कार्यक्रम होतात ते पायथ्याच्या तळावर. ते पाहतात विश्रांतीसाठी खाली आलेले, वर जाण्याच्या तयारीत असलेले किंवा तळावरच नेमणुकीला असलेले जवान. सर्वांत एकाकी माणूस बर्फातल्या तंबूतच राहतो.

दुसरी अडचण वाद्यांची. कोरड्या थंडीत तबल्याची पुडी ताणली जाते आणि सूर चढतो. ईशान्येच्या दमट हवेत ती सैल पडते. बासरीसारखी फुंकवाद्ये थंडीत उतरतात आणि वाद्यमेळात बेसूर वाटू लागतात. गायकाला तर श्वासच पुरत नाही. सपाटीवर एका दमात घेतलेली तान तेथे दोन तुकड्यांत घ्यावी लागते. थंडीत बॅटऱ्यांची शक्ती लवकर संपते, त्यामुळे ध्वनिक्षेपणाची सारी मदार जनरेटरवर असते.

तिसरी अडचण पहाऱ्याची. कार्यक्रम असला म्हणून सीमा मोकळी सोडता येत नाही. एका वेळी तुकडीतले काहीच जण प्रेक्षक होऊ शकतात, बाकीचे पहाऱ्यावर. जाणते पथक म्हणूनच कार्यक्रम दोनदा करण्याची तयारी ठेवते. बदली होऊन आलेल्यांना आपला वाटा मिळाला, तरच त्या दौऱ्याला अर्थ.

जवानाला काय ऐकायचे असते?

सीमेवर जाणाऱ्या नवख्या कलावंताची समजूत असते की, तेथे देशभक्तिपर गाणी म्हणावीत. अनुभव वेगळे सांगतो. जो माणूस स्वतः बलिदानाच्या शक्यतेसह जगतो, त्याला बलिदानाचे गाणे ऐकवण्याची गरज नसते. त्याला हसायचे असते, ठेका धरायचा असतो, घरच्या माणसांची आठवण काढायची असते.

ब्रिटनमध्ये यावरून वाद झाला होता. व्हेरा लिन १९४१ पासून रेडिओवर सैनिकांसाठी भावगीतांचा कार्यक्रम सादर करीत असे. सिंगापूर पडल्यानंतर काही अधिकाऱ्यांना ही हळवी गाणी सैनिकांना दुबळे करतील असे वाटले आणि तो कार्यक्रम काही काळ बंद झाला. सैनिकांनी मात्र तिचीच गाणी उचलून धरली. पुढे ती ब्रह्मदेशात पोहोचली, ती सैनिकांच्या या पसंतीच्या बळावर. विरहाचे गाणे माणसाला दुबळे करीत नाही. आपले दुःख आणखी कुणाला तरी ठाऊक आहे, एवढा दिलासा ते देते.

भारतीय सैन्यातही मनोरंजनाची स्वतःची परंपरा आहेच. अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात त्या ‘बडा खाना’त जवानच गातात, नकला करतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे झांजपथक प्रसिद्ध आहे. बाहेरून आलेला कलावंत या परंपरेला पर्याय ठरत नाही. तो जी गोष्ट घेऊन येतो ती वेगळी असते. ज्या समाजासाठी आपण येथे उभे आहोत, त्याने आपल्यासाठी काही दिवस मोडले, ही जाणीव त्याच्या येण्यातून जवानाला होते. त्यामुळे आलेला कलावंत किती मोठा आहे, यापेक्षा तो किती वेळ थांबला, जवानांसोबत जेवला की नाही, त्यांच्यापैकी कुणाला मंचावर बोलावून गायला लावले की नाही, या गोष्टी अधिक काळ लक्षात राहतात.

नाना पाटेकर यांचे उदाहरण या संदर्भात वेगळे आहे. १९९१च्या ‘प्रहार’साठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीसोबत खडतर प्रशिक्षण घेतले. १९९९च्या कारगिल संघर्षाच्या काळात ते प्रादेशिक सेनेच्या गणवेशात त्या भागात जाऊन राहिले. ते मनोरंजनासाठी गेले नव्हते. पण कलावंताने पाहुणा म्हणून येणे आणि सोबती म्हणून राहणे यांत किती अंतर आहे, हे त्यातून दिसले.

बोरिवलीहून निघालेला आवाज

कलावंत जेथे पोहोचू शकत नाही, तेथे रेडिओ पोहोचतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली. फौजी बांधवांसाठीचा तिचा ‘जयमाला’ हा कार्यक्रम अनेक दशके संध्याकाळच्या बातम्यांनंतर लागत असे. जवान पत्राने फर्माईश पाठवीत. निवेदक नाव, हुद्दा सांगून गाणे लावीत. शनिवारच्या ‘विशेष जयमाला’त चित्रपटसृष्टीतील मंडळी स्वतः येऊन जवानांशी गप्पा मारीत आणि आपल्या आवडीची गाणी ऐकवीत.

विविध भारतीचे केंद्र पुढे बोरिवलीला गोराई रस्त्यावर आले. म्हणजे अंधेरीचा एखादा नट लोकलने वा मोटारीने तासाभरात तेथे पोहोचायचा आणि त्याचा आवाज अशा चौकीपर्यंत जायचा, जेथे तो स्वतः चौदा दिवसांतही पोहोचला नसता. या कार्यक्रमाचे मोल वलयापेक्षा नेमाचे होते. ठरलेल्या वेळी आपल्यासाठी कुणीतरी बोलणार आहे, ही खात्री जवानाला होती. युद्ध असो वा नसो, संध्याकाळ झाली की ‘जयमाला’ लागत असे.

युद्ध संपल्यावर कोण जाणार?

येथेच या प्रथेतील उणीव दिसते. कलावंतांच्या दौऱ्यांच्या आठवणी काढायला बसले, तर त्या १९६२, १९७१ आणि १९९९ या वर्षांभोवतीच घोटाळतात. देश पेटून उठला की कलावंतही उठतात. जवानाची नेमणूक मात्र युद्धापुरती नसते. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना लढली आणि तिचे अकराशेहून अधिक जवान कामी आले. त्या मोहिमेला देशात बांगलादेशासारखा उत्साह कधीच लाभला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांवर कांगो, दक्षिण सुदान, लेबनॉनमध्ये गेलेल्या भारतीय तुकड्यांची बातमीही क्वचितच होते. पण घराची आठवण युद्धाची लोकप्रियता पाहून येत नाही.

सरकारने या कामासाठी यंत्रणा उभारली नव्हती असे नाही. माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या गीत व नाटक विभागात १९६७ साली सशस्त्र दलांच्या मनोरंजनासाठी स्वतंत्र शाखा निघाली. तिची पथके दिल्ली आणि चेन्नई येथे होती. दुर्गम तळांवर जाऊन गाणी, नृत्ये, नाटके सादर करणारे हे पगारी कलावंत कधीच प्रसिद्धीच्या झोतात आले नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये गीत व नाटक विभाग इतर दोन खात्यांसह एका नव्या विभागात विलीन झाला. एकीकडे निनावी सरकारी पथके आणि दुसरीकडे एखाद्या सुनील दत्त यांची वैयक्तिक तळमळ, अशा दोन टोकांवर हे काम चालत आले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीकडे पैसा आहे, माणसे आहेत, व्यवस्थापनाचे कौशल्य आहे. तरीही ‘यूएसओ’सारखी, वर्षानुवर्षे नेमाने पथके पाठविणारी संस्था येथे रुजली नाही.

आता अनेक चौक्यांवर मोबाइल फोन पोहोचला आहे. जवान सुटीच्या तासात चित्रपट पाहू शकतो, घरच्यांचा चेहराही पाहू शकतो. मग प्रत्यक्ष कार्यक्रमाची गरज उरली आहे का, असा प्रश्न विचारला जातो. पडद्यावरचे गाणे प्रत्येक जण एकटा ऐकतो. मैफल मात्र सर्वांची असते. शंभर जणांनी एकत्र हसणे, एकमेकांच्या तोंडून पुढची ओळ ऐकणे आणि दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावर त्याची चर्चा करणे हे फोनवर घडत नाही.

अजंठा आर्ट्सच्या पथकात नावाजलेले कलावंत होते, पण त्या पथकाचा खरा ठेवा वेगळा आहे. बोलावणे येण्याची वाट न पाहता मुंबईतून कलावंत निघू शकतात, हे त्याने दाखवून दिले. त्यासाठी युद्धाची गरज नाही. अंधेरी-ओशिवऱ्यात काम शोधणारे शेकडो गुणी गायक, वादक, नकलाकार आणि नाट्यकर्मी आहेत. त्यांना वर्षातले पंधरा दिवस, रीतसर मानधन आणि लष्कराशी समन्वय साधणारी एक छोटी संस्था मिळाली, तर वरच्या चौकीकडे निघालेल्या तुकडीला पायथ्याशी निरोपाची एक मैफल देता येईल. ज्या वर्षी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर सीमेची बातमी नसते, त्या वर्षी ती मैफल जवानाला अधिक हवी असते.